टिका सगळ्या हिरव्या, वही मात्र कोरी: सहावी ते आठवीच्या सेल्फ-पेस्ड इंग्रजीत दर बॅचला येणारी अडचण

सहावी ते आठवीच्या मुलांना मी नागपुरात ऑनलाइन इंग्रजी शिकवते. कोर्स सेल्फ-पेस्ड आहे. व्हिडिओ, उतारे, क्विझ सगळं मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर चढवलेलं आहे. मुलांनी आपापल्या वेळेला उघडायचं आणि आपापल्या गतीने पुढे जायचं. दर बॅचला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकच गोष्ट घडते. रिपोर्ट उघडला की नावांसमोर हिरव्या टिकांची रांग, क्विझला दहापैकी नऊ, कुणाकुणाला दहा. त्याच मुलाला 'काल काय केलंस ते चार वाक्यांत लिही' म्हटलं की पान कोरं राहतं. मग घरून फोन येतो, "मॅडम, कोर्स तं पूर्ण झाला म्हणते पोरगी, मग शाळेत दहापैकी तीन कसे?"

पहिल्या दोन बॅचला मी मुलं टाळाटाळ करतात असंच धरून चालले होते. ते चुकीचं होतं. हा दोष बहुतेक वेळा मुलात नसतो, कोर्सच्या बांधणीत असतो, आणि तो दुरुस्त करता येतो. तुमच्या शाळेत, क्लासमध्ये किंवा घरी स्वतःच्या मुलासाठी असा कोर्स चालू असेल, तर मी काय तपासते आणि काय बदलते ते खाली लिहिते आहे.

आधी शेजारी बसून पाहा

रिपोर्टवरून निदान करू नका. मुलाच्या शेजारी बसा, त्याला नेहमीसारखं एक युनिट करू द्या, मध्ये बोलू नका.

तान्हा पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी नंदीच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी मी अशीच सक्करदऱ्याला सातवीतल्या एका मुलीच्या घरी बसले होते. फोन वडिलांचा, काचेच्या कोपऱ्याला तडा गेलेला. सिम्पल पास्ट टेन्सचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ होता. तिने वेग दुप्पट केला, फोन उशीला टेकवला आणि वेणी घालायला घेतली. व्हिडिओ संपला, टिक आली. मग क्विझ. पहिल्या प्रश्नाला 'गो', लाल फुली. 'गोज', लाल फुली. 'वेंट', हिरवं. प्रश्न तिने वाचलाच नव्हता. अंगठा वरच्या पर्यायापासून खाली येत होता, एवढंच. दुसऱ्या अटेम्प्टला तेच प्रश्न त्याच क्रमाने आले आणि दहापैकी दहा मिळाले. सगळं मिळून सात-आठ मिनिटांत युनिट पूर्ण.

मी तिच्यासमोर वही ठेवली. "कालच्या तान्हा पोळ्याचं चार ओळीत लिही." धाकट्या भावाचा लाकडी नंदी टीव्हीशेजारीच उभा होता, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. तोंडी विचारलं तेव्हा ती थांबत नव्हती: भावाला कोणाकडून किती बोजारा (नंदी दारी नेला की मिळणारे पैसे, खाऊ) मिळाला, नंदीचं चाक कुठे निखळलं, मारबतीची मिरवणूक पाहायला जायचं कसं राहून गेलं. वहीत मात्र एवढंच उतरलं: 'येस्टरडे आय ऍम गो टू तान्हा पोळा. माय ब्रदर हॅव नंदी. वी डिड नॉट वेंट मारबत.' आणि पेन थांबलं. ती म्हणाली, "मॅडम, तिथं तं ऑप्शन राहते ना. इथं तं काहीच नाही."

प्रत्येक युनिट बनवताना तिचं हे वाक्य माझ्या कानात असतं. दिलेल्या तीनांतून बरोबर शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर वाक्य उभं करणं वेगळं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे सातवीतल्या मुलाने सहा वर्षं हे शब्द पाहिलेले, ऐकलेले असतात. ओळख त्याच्याकडे भरपूर आहे. त्याला सराव नाही तो स्वतःहून शब्द काढण्याचा, आणि पर्यायांची क्विझ त्याला पुन्हा ओळखायलाच लावते.

शेजारी बसणं शक्य नसेल तर क्विझच्या रिपोर्टमध्ये लागलेला वेळ पाहा. दहा प्रश्न दीड मिनिटात झाले असतील तर प्रश्न वाचले गेलेले नाहीत. आणि त्यातलेच पाच प्रश्न आठवड्याने पर्याय काढून टाकून कागदावर द्या. तिथे उत्तर लगेच मिळतं.

क्विझ बदलल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही

रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या कोर्समध्ये नेमकी पाच मिनिटांनीच क्विझ असते, म्हणून गुण छान दिसतात आणि पंधरा दिवसांनी काही उरत नाही.

मूडल वापरत असाल तर तीन-चार सेटिंग्जमध्ये बराच फरक पडतो. युनिट पूर्ण झाल्याची अट 'पाहिलं' अशी असेल तर ती काढून 'पासिंग ग्रेड मिळाली' अशी करा. अटेम्प्ट अमर्याद ठेवू नका. मी दोन ठेवते आणि दोहोंमध्ये सक्तीचा एक दिवसाचा खंड घालते. त्यासाठी 'एनफोर्स्ड डिले' नावाचं सेटिंग क्विझमध्येच आहे. प्रश्न प्रश्नपेढीतून रँडम उचलले जातील असं करा, म्हणजे दुसऱ्या वेळी तोच क्रम येत नाही. व्हिडिओ एचफाइव्हपीत (मूडलमध्ये चालणारं, व्हिडिओत प्रश्न घालायचं साधन) बनवला असेल तर पुढे ढकलायची सोय बंद करता येते आणि मध्ये थांबवून प्रश्न विचारता येतो. पण पुढे ढकलणं बंद केलं म्हणजे मूल पाहतंच असं समजू नका; ती मुलगी वेणी घालतच होती. मध्ये येणाऱ्या प्रश्नावर जास्त भरवसा ठेवा. व्हिडिओही चार मिनिटांच्या वर नेऊ नका.

पर्यायांचे प्रश्न मी निम्म्याहून कमी केले आणि टाइप करायचे प्रश्न वाढवले. तिथे एक नवीनच भानगड होते, ती आधीच सांगते. मुलाने 'डू नॉट' लिहिलं आणि उत्तरपत्रिकेत 'डोन्ट' असलं तर यंत्र त्याला चूक ठरवतं. फोनच्या कीबोर्डवरचं अपॉस्ट्रॉफीचं वाकडं चिन्ह आणि तुम्ही लॅपटॉपवर टाइप केलेलं सरळ चिन्ह वेगळं धरलं गेलं तरी तेच. बरोबर लिहून दोनदा फुली मिळाली की मूल पुन्हा अंदाज मारायला लागतं. म्हणून शॉर्ट आन्सर प्रश्नात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरू नका आणि जेवढी रूपं बरोबर असू शकतात ती सगळी स्वतः भरा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

वहीचा फोटो आला की पुढचं युनिट

हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक युनिटच्या शेवटी चार ओळी हाताने वहीत लिहायच्या, फोटो काढायचा, असाइनमेंटमध्ये चढवायचा. मी पाहून गुण दिल्याशिवाय पुढचं युनिट उघडत नाही; मूडलच्या 'रिस्ट्रिक्ट ऍक्सेस'मध्ये ही अट लावता येते. ऍपमधून फोटो चढत नसेल तर व्हॉट्सॲपवर घेते आणि टिक मी देते.

"एवढ्या वह्या तपासायच्या कधी?" हे प्रत्येक शिक्षक विचारतो. मी सगळ्या चुका तपासत नाही. युनिट भूतकाळाचं असेल तर फक्त क्रियापदं पाहते. स्पेलिंग, कॅपिटल, आर्टिकल त्या दिवशी सोडून देते. चूक दुरुस्तही करून देत नाही; तिच्याखाली रेघ मारते आणि मुलाने तेवढंच वाक्य पुन्हा लिहून पाठवायचं. एका वहीला दोन मिनिटं लागतात. छत्तीस मुलांना बहात्तर मिनिटं, आठवड्यातून दोनदा. सगळी वही लाल करून पाठवायचे तेव्हा याच्या तिप्पट वेळ जायचा आणि मुलं वही उघडूनही पाहत नसत.

मराठी कुठे आडवी येते, आणि नागपूरची मराठी कुठे कामाला येते

'वी डिड नॉट वेंट' ही चूक मला जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते, आणि तिला बेफिकिरी म्हणणं अन्याय आहे. 'आम्ही गेलो' चं नकारार्थी करताना आपण 'आम्ही गेलो नाही' म्हणतो. 'गेलो' तसंच राहतं, शेवटी 'नाही' लागतं. मूल हेच इंग्रजीत करतं: वेंटला हात लावत नाही, नॉट जोडतं. व्हिडिओत सांगितलेला नियम त्याने पाठ केलेला असतो, पण लिहिताना जीभ मराठीच्या वळणाने जाते. मी सांगते, "डिड आला ना, भूतकाळ त्याने उचलून नेला. आता खाली गो एकटा राहिला." मग दहा वाक्यं तोंडी घेते, सगळी त्यांच्या घरातली: पाणी आलं नाही, बाबा आले नाहीत, मी डबा खाल्ला नाही.

'माय ब्रदर हॅव नंदी' चं मूळही तसंच. आपलं 'आहे' दोन्हीकडे चालतं: 'तो लहान आहे', 'त्याच्याकडे नंदी आहे'. इंग्रजीत पहिल्याला इज लागतो, दुसऱ्याला हॅज. म्हणून 'ही इज अ नंदी' लिहिणारी मुलंही भेटतात. इथे मी 'कडे' शोधायला सांगते. मराठी वाक्यात 'कडे' किंवा 'जवळ' असेल तर हॅव-हॅज. नात्यांना, म्हणजे 'मला दोन भाऊ आहेत' ला, ही खूण चालत नाही. ती वेगळी घ्यावी लागते.

आर्टिकलच्या चुका आठवीपर्यंत राहणार, हे मी मान्य केलं आहे. मराठीत ती गोष्टच नाही. कानाला त्याची सवय वाचूनच लागते. त्यापायी सहावीच्या मुलाचे गुण कापू नयेत.

आता कामाची गोष्ट. कंटिन्युअस टेन्सचे तयार व्हिडिओ 'मी जात आहे' असं मराठी देतात. आमच्याकडे घरी कोणी 'जात आहे' म्हणत नाही. आम्ही म्हणतो, 'मी जाऊन राहिलो', 'आई स्वयंपाक करून राहिली'. मुलं वर्गात ही भाषा लपवतात, अशुद्ध म्हणून टोकले गेलेले असतात. मी ती उघडपणे फळ्यावर घेते, कारण 'ऍम गोइंग' चे दोन तुकडे तिच्यात लख्ख दिसतात: जाऊन म्हणजे गोइंग, राहिलो म्हणजे ऍम. मुलं 'आय गोइंग' लिहितात आणि ऍम खातात, तेव्हा मी म्हणते, "राहिलो काढून टाक आणि वाक्य म्हण." मूल म्हणतं, "मी शाळेत जाऊन…" आणि थांबतं. वाक्य अर्धवट आहे हे त्याच्या कानालाच कळतं. "तुझं आय गोइंग इंग्रजी माणसाला असंच ऐकू येतं." सक्करदऱ्याच्या त्या मुलीने हे ऐकल्यावर आपल्या आधीच्या तीन वह्या काढून ऍम, इज, आर स्वतः भरले होते.

एक सांभाळा: आमच्याकडे 'मला समजून राहिलं' असंही म्हणतात, त्यावरून 'आय ऍम अंडरस्टँडिंग' येतं. नो, अंडरस्टँड, वॉन्ट, लाइक ही क्रियापदं सहसा आयएनजी घेत नाहीत, हे वेगळं सांगावं लागतं. मी ती चार वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून घेते.

उतारा समजला नाही की बर्फ समजला नाही?

विकत किंवा फुकट मिळणारे पुष्कळसे तयार कोर्स अमेरिकेतले असतात. तिथेही मिडल स्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवीच, आणि विषयाचं नाव इंग्लिश लँग्वेज आर्ट्स. २०१० मध्ये आलेल्या आणि तिथल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या कॉमन कोअर मानदंडांत त्याचे वाचन, लेखन, बोलणं-ऐकणं आणि भाषा असे भाग आहेत. उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून दिलं ते दाखवायचं, ही त्यांची सवय मला फार आवडते आणि मी ती ठेवली आहे. पण उतारे तिथल्या मुलांचे असतात. 'स्नो डे' ची सकाळ, मुलगा खिडकीबाहेर पाहतो आणि पुन्हा पांघरुणात शिरतो. त्याला आनंद का झाला? आमच्या मुलांना हा प्रश्न चुकतो आणि रिपोर्ट सांगतो, 'इन्फरन्स कच्चा', म्हणजे न लिहिलेलं ताडता येत नाही. इन्फरन्स कच्चा नसतो. बर्फ पडला की शाळा बंद राहते हे त्यांना माहीतच नसतं.

मी तो उतारा काढून दुसरा लिहिला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तुफान पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि शाळांना सुट्टी दिली गेली. उताऱ्यात मी एवढंच घेतलं: अंधारात आई गादी गुंडाळते आहे आणि मुलगा आपलं दप्तर कपाटावर ठेवतो आहे. 'पूर' हा शब्द कुठेच नाही. 'दप्तर वर का ठेवलं? कोणत्या ओळीवरून कळलं?' बर्फावर अडकलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी हे नीट सोडवलं, आणि मी सांगितलं नसतानाही खाली स्वतःच्या घरची हकीकत लिहिली. लांब उतारे लिहायची गरज नाही, शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. नवा शब्द पाच-सहाच्या वर नको.

'आपापल्या गतीने' मुळे साचणारं काम

टिका हिरव्या असणारी मुलं एकीकडे आणि पाचव्या युनिटनंतर दिसेनाशी होणारी दुसरीकडे. सगळी युनिटं पहिल्याच दिवशी उघडी असली की हे होतंच. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, १९६८ मध्ये, फ्रेड केलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या गतीने, एकेक युनिट पक्कं करत शिकायची पद्धत मांडली होती. छापील मजकुरावर चालणारी. ती वापरणाऱ्या कॉलेजांतही विद्यार्थी काम पुढे ढकलतात ही तक्रार होतीच. पण केलरच्या पद्धतीत प्रॉक्टर होते: तोच अभ्यास पूर्ण केलेले विद्यार्थी, जे चाचणी झाल्यावर लगेच समोर बसून उत्तरं तपासायचे आणि चुकलेल्या ठिकाणी विचारायचे. आपण कोर्स ऑनलाइन नेताना गती ठेवली आणि ही माणसं गाळली, असं मला वाटतं.

मी ती परत आणली. सहावीच्या पाच मुलांमागे आठवीची एक ताई किंवा दादा. त्यांनी शिकवायचं नाही. आठवड्यातून एकदा फोन करून मुलाने लिहिलेल्या चार ओळी त्याच्याकडून वाचून घ्यायच्या आणि एक प्रश्न विचारायचा. ताईचा फोन येणार म्हटलं की वही लिहिली जाते. आणि युनिटं आता दोन-दोन उघडतात. सोमवार ते रविवार या आठवड्यात कधीही करा, रात्री केलं तरी चालेल, पण रविवार संपेपर्यंत त्याच्यावर ताईशी बोलणं झालेलं असलं पाहिजे.

मुदत ठरवताना घरातला फोन कुणाचा आहे ते विचारून घ्या. बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून वडील आठ-साडेआठला येतात, तेव्हा फोन हातात पडतो, आणि तो दोन भावंडांत वाटायचा असतो. म्हणून एक बैठक वीस मिनिटांची. संध्याकाळी सहाला ठेवलेलं काम ही मुलं करूच शकत नाहीत आणि आपल्या रिपोर्टमध्ये ती आळशी ठरतात.

आवाजाचं काम आणि आयतं भाषांतर

बोलण्याचा सराव मी व्हॉइस नोटवर घेते, तीस सेकंद. एप्रिल-मेच्या बॅचला अर्ध्या नोटमध्ये कूलरची घरघर ऐकू येते. उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणायची सोय नाही. फोन तोंडाजवळ धरून, कूलरकडे पाठ करून, शक्यतो स्वयंपाकघरात जाऊन बोलायला सांगितलं की बरंच सुधारतं. स्पीच रेकग्निशनने आपोआप गुण देणाऱ्या ऍपवर अशा नोट तपासायला देऊ नका. ते गोंगाटाचे गुण कापतं आणि मूल समजतं आपलं इंग्रजी वाईट.

भाषांतराच्या ऍपमधून उतरवलेली वही ओळखू येते. सातवीचं मूल 'नेव्हरदलेस' लिहीत नाही. मी आरोप करत नाही. "छान आहे. आता हेच मला व्हॉइस नोटवर न बघता सांग," एवढंच म्हणते. अडखळत का होईना सांगितलं, तर ते त्याचं झालं. नाही जमलं, तर तो स्वतःच म्हणतो, "मॅडम, पुन्हा लिहितो." विषयही असे देते की ऍपला घरातलं ठाऊक नसतं: तुमच्या दारासमोर काय काय दिसतं, आजी तर्री कशी करते, काल भावाशी भांडण कशावरून झालं.

दिवाळीनंतर

सुट्टीनंतर मुलं परत येत नाहीत, ही तक्रार मला नोव्हेंबरमध्ये हमखास ऐकू येते. कोर्स उघडला की त्यांना राहिलेल्या सहा युनिटांचे लाल आकडे दिसतात आणि ती बंद करतात. मी राहिलेली युनिटं त्यांच्यापुरती लपवून टाकते आणि फक्त चालू आठवड्याची दोन दाखवते. त्याआधी ताईकडून एक निरोप जातो, इंग्रजीत, दोन ओळींचा, शेवटी एक प्रश्न: फटाके कोणते आणले होते, मामाकडे गेला होतास का. उत्तर एका शब्दात आलं तरी चालतं. ज्यांचं येत नाही त्यांच्या घरी मी स्वतः फोन करते, आणि मुलाबद्दल तक्रार न करता आईला विचारते, "ताई, फोन सध्या कुणाकडे असतो?" बऱ्याचदा फोन बिघडलेला असतो किंवा रिचार्ज संपलेलं असतं. अशा मुलांना मी युनिटं छापून देते, व्हिडिओशिवाय. उतारा, पाच प्रश्न आणि खाली चार रिकाम्या ओळी.